तीन दुष्काळ, तीन मुख्यमंत्री आणि एक घोडा

१९८७, २००२ आणि २००९. या तिन्ही वर्षी देशभरातल्या मोसमी पावसाने मोठा दगा दिला. पहिल्या दोन वेळी सरासरीपेक्षा सुमारे १९ टक्के तूट, तिसऱ्या वेळी २२ टक्के. आता त्या त्या वर्षी महाराष्ट्राचा मुख्यमंत्री कोण होता ते पाहा. १९८७ ला शंकरराव चव्हाण, २००२ ला विलासराव देशमुख, २००९ ला अशोक चव्हाण. पहिले आणि तिसरे नांदेडचे, मधले लातूरचे. मराठवाड्याने राज्याला आजवर चार मुख्यमंत्री दिले. त्यातले चौथे, शिवाजीराव पाटील निलंगेकर, हेही लातूर जिल्ह्यातलेच. निलंगेकरांनी जून १९८५ मध्ये शपथ घेतली तेव्हापासून अशोक चव्हाणांच्या शेवटच्या पावसाळ्यापर्यंत, म्हणजे २०१० पर्यंत, २६ पावसाळे झाले. त्यांपैकी १२ पावसाळ्यांत या दोन जिल्ह्यांतला माणूस मुख्यमंत्री होता. (१९८८ च्या जूनअखेर शंकररावांच्या जागी शरद पवार आले, म्हणून तो पावसाळा यात धरलेला नाही.) मोठ्या तुटीचे तिन्ही पावसाळे त्या १२ मध्ये आले आणि उरलेल्या १४ मध्ये एकही नाही. आकडे खरे आहेत, माणसं खरी आहेत, आणि कुणी चहाच्या टपरीवर हे मोठ्याने वाचून दाखवलं तर चार डोकी नक्की एकत्र येतील.

अशा योगायोगांकडे पाहण्याच्या दोन रीती समोरासमोर आणायच्या तर दोन माणसं कल्पावी लागतात. एक, लातूरच्या मोंढ्यात आयुष्यभर आडत केलेले तात्या. पंचांग, बाजारभाव आणि आभाळ या तिन्हींवर त्यांची सारखीच श्रद्धा. दुसरी त्यांची पुतणी, नांदेडला संख्याशास्त्र शिकवणारी. वर दिलेला हिशेब तिनेच तात्यांपुढे ठेवला असं समजू. ठेवताना चेहरा गंभीर, आवाज सरकारी अहवालासारखा. तात्या उखडणार हे उघडच आहे. विलासरावांच्या जिल्ह्यात बसून विलासरावांमुळे पाऊस आटला असं कोण ऐकून घेईल?

“काय बोलायलीस, पोरी? ज्या शंकररावांनी जायकवाडी उभं केलं, विष्णुपुरी आणलं, त्यांच्या नावावर दुष्काळ?” इथवर नुसता राग आहे. पण तात्या तिथे थांबत नाहीत, आणि इथूनच गोष्ट वाचण्याजोगी होते. “तू १९८५ पासूनच का मोजायलीस? ७२ कुठं गेला? तो तर सगळ्यांचा बाप. तेव्हा वसंतराव नाईक होते, पुसदचे. ७९ ला शरद पवार होते, बारामतीचे. ते दोन धरले की पाचात तुझे तीनच राहतात. आणि तूट किती झाली म्हणजे मोठी, हे कुणी ठरवलं? २००४ ला पाऊस कमीच होता, मुख्यमंत्री सुशीलकुमार, सोलापूरचे. २०१४ ला पृथ्वीराज, कराडचे. २०१५ ला फडणवीस, नागपूरचे, आणि त्याच दुष्काळापायी पुढच्या एप्रिलात आम्ही लातुरात मिरजेहून रेल्वेनं पाणी प्यालो. शिवाय तुझा पाऊस सगळ्या देशाचा आहे. मुख्यमंत्री मुंबईत बसतो, राजस्थानच्या ढगाला त्याचं काय?”

एखाद्या आकड्याची उलटतपासणी कशी करावी याचा हा जवळजवळ पूर्ण धडा आहे, आणि तात्यांनी तो कुठल्या वर्गात बसून घेतलेला नाही. मोजणी कुठून सुरू झाली, कुठे थांबली, तुटीची रेघ कुणी आणि कधी आखली, विरोधात जाणारी वर्षं कुठे गेली, आणि एकामुळे दुसरं घडावं असा मधला रस्ता काही आहे का: पाच प्रश्न, पाचही नेमके. पुतणीला यात भर घालायला एकच आकडा उरतो. २६ पावसाळ्यांच्या चिठ्ठ्या टोपीत घालून डोळे मिटून तीन काढल्या, तर तिन्ही त्या १२ मधल्या निघण्याची शक्यता साडेआठ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे बारा वेळांत एकदा हे नुसत्या नशिबाने घडेल. त्यात मुख्यमंत्र्यांचा जिल्हा, जात, वय, राशी, नावाचं आद्याक्षर आणि दाढी असे निकष शोधणाऱ्याला मोकळे असतील, तर बारातल्या एकाचा योग साधायला कितीसा वेळ लागणार?

मला इथे जे म्हणायचं आहे ते गणिताविषयी थोडं आणि माणसाच्या स्वभावाविषयी जास्त आहे. योगायोग ओळखायची अक्कल आपल्याकडे भरपूर असते. पण ती आपण न आवडणाऱ्या निष्कर्षावरच वापरतो. आवडणारा निष्कर्ष आला की तेच पाच प्रश्न गप्प बसतात. तात्या मुख्यमंत्र्यांच्या बाबतीत पक्के संख्याशास्त्रज्ञ आहेत, मात्र नक्षत्राच्या वाहनाच्या बाबतीत नाहीत. आणि हा दोष मोंढ्यापुरता नाही. पुढे दिसेल की तो वेधशाळेतही शिरतो.

वाहनाचा हिशेब आधी समजून घेऊ. सूर्य नव्या नक्षत्रात शिरतो तेव्हा त्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं आणि येईल त्या संख्येला ९ ने भागायचं. बाकी १ उरली तर वाहन घोडा, २ कोल्हा, ३ बेडूक, ४ मेंढा, ५ मोर, ६ उंदीर, ७ म्हैस, ८ गाढव, काहीच उरलं नाही तर हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती आले तर पाऊस भरपूर. मोर, गाढव, उंदीर आले तर मध्यम. कोल्हा, मेंढा म्हणजे ओढ. घोडा आला तर डोंगराळ भागात. तात्यांचं म्हणणं असं, की पिढ्यान् पिढ्या लोक हे पाहत आलेत, खोटं असतं तर कधीच टाकून दिलं असतं. “आर्द्रात बेडूक होता तवा औशाला ओढे वाहिले, हे मी डोळ्यानं पाहिलंय.”

पुतणी इथे वाहनाची टिंगल करत नाही, आणि हे तिचं शहाणपण आहे. ती त्याच पंचांगातली दुसरी गोष्ट पुढे करते. मृग निघाला की पाऊस, हा संबंध तिला पूर्ण मान्य आहे. मृगात सूर्य शिरतो तो ७-८ जूनच्या सुमारास. केरळात मोसमी वाऱ्यांची सर्वसाधारण तारीख १ जून, आणि मराठवाड्यापर्यंत यायला त्यांना पुढचे आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे मृग हे सूर्याच्या वार्षिक फेरीतल्या एका जागेचं नाव झालं, आणि मोसमी पाऊसही त्याच फेरीने जमीन तापते म्हणून येतो. मृग पाऊस पाडत नाही. मृग आणि पाऊस दोघेही एकाच धन्याचे चाकर आहेत. (या जोडीतही हळूहळू अंतर पडतं आहे. नक्षत्रांच्या मानाने ऋतू सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवस सरकतात. काही हजार वर्षांनी मृगाची पेरणी म्हटलं तर ती भर पावसाळ्याच्या मध्यावर पडेल.) वाहनाचं तसं नाही. सूर्य कुठल्या नक्षत्रात हे ठरलेलं असतं, म्हणून वाहन ठरतं ते त्या क्षणी चंद्र कुठे होता यावर. २७ नक्षत्रं, ९ वाहनं, प्रत्येकाच्या वाट्याला तीन. त्या एका क्षणाच्या चंद्रामुळे पुढच्या तेरा-चौदा दिवसांचा औशाचा पाऊस बदलावा, असा रस्ता दिसत नाही. आणि वाहन औशाला जे, तेच रत्नागिरीलाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस झेलणारी किनारपट्टी आणि आठशेच्या आसपास पडला तरी समाधान मानणारा लातूर, दोघांच्या दारात एकच हत्ती. एवढ्या मोठ्या राज्यात कुठे ना कुठे ओढा वाहणारच, आणि ज्याच्या गावी वाहिला त्याच्या तोंडून बेडकाची कीर्ती पुढे जाणार. ज्याच्या गावी फुफाटा उडाला, तो त्या दिवशी कर्जाच्या विचारात असतो. तो कशाला बेडकाची नोंद ठेवेल?

“म्हणजे कारण कळलं तरच खरं, असं का?” तात्या विचारतात. “माझ्या आज्याला जमीन का तापती ते ठाऊक नव्हतं. त्यानं मृगावर पेरलं आणि पिकवलं.” हा आक्षेप वजनदार आहे आणि पुतणीने तो मान्यच करायला हवा. उपयोगी पडण्यासाठी संबंधाचं कारण ठाऊक असलंच पाहिजे असं नाही. वैद्यकशास्त्रात कितीतरी उपाय आधी लागू पडले, त्यांची कारणं मागाहून कळली. उलटही घडतं: कारण अगदी पटेलसं असतं आणि संबंध पोकळ निघतो. त्याचं उदाहरण तात्यांच्या मोंढ्यातच आहे.

गेल्या तीन-साडेतीन दशकांत लातुरात दोन गोष्टी वाढल्या. शिवारात सोयाबीन वाढलं. ज्वारी, कापूस मागे सरले आणि लातूरचा मोंढा सोयाबीनचा म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याच काळात शहरात ‘लातूर पॅटर्न’ वाढला. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांच्या गुणवत्ता यादीपासून सुरू झालेली गोष्ट पुढे वैद्यकीय प्रवेशाच्या शिकवण्या, वसतिगृहं आणि खानावळींपर्यंत पोचली. दोन्हींच्या रेघा कागदावर काढल्या तर हातात हात घालून वर चढताना दिसतील. सोयाबीन खाल्लं की जीवशास्त्र पक्कं होतं, असा सिद्धान्त काढून हसता येईल. पण तात्या हसत नाहीत. “ह्यात हसण्यासारखं काय? सोयाबीन नगद पीक. चार महिन्यांत पैसा हाती. त्याच पैशातून पोरांच्या शिकवण्यांची फी भरली. मी स्वतः उचल दिलीय लोकांना.” आता आली का पंचाईत? हे कारण पटण्याजोगं आहे, त्यात थोडं तथ्यही असेल.

पण पटण्याजोगं असणं हा पुरावा नव्हे, आणि यावर शंभर वर्षांपूर्वीच विचार होऊन गेला आहे. १९२६ मध्ये उडनी यूल या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १८६६ ते १९११ चे आकडे घेऊन दाखवलं, की इंग्लंड-वेल्समध्ये एकूण लग्नांपैकी चर्च ऑफ इंग्लंडच्या विधीने लागणाऱ्या लग्नांचं प्रमाण आणि मृत्युदर यांचा सहसंबंध ०.९५ येतो. पैकीच्या पैकी म्हणजे १. पंचेचाळीस वर्षं दोन्ही गोष्टी आपापल्या कारणांनी उतरत होत्या, एवढंच. अमेरिकेत टायलर व्हिजेन या कायद्याच्या विद्यार्थ्याने २०१४ पासून अशा जोड्यांचा ढीगच रचला. मेन राज्यातले घटस्फोट आणि देशातला मार्गारिनचा खप ही त्यातली सर्वांत गाजलेली. काळाबरोबर एकाच दिशेने सरकणाऱ्या कुठल्याही दोन गोष्टी एकमेकींच्या सख्ख्या दिसतात. म्हणून यूलच्या आधीपासूनच जाणकारांची एक युक्ती होती: चढत्या रेघा बाजूला ठेवा आणि वर्षावर्षाचा चढउतार पाहा. तात्यांचं कारण खरं असेल तर ते इथे दिसायला हवं. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर सोयाबीन क्विंटलला १० हजारांच्या घरात गेलं, तर त्या वर्षी शिकवण्यांना उधाण आलं का? २०२४ च्या हंगामात ४,८९२ रुपयांचा हमीभाव असताना मोंढ्यात त्याहून कमी मिळत होता, तर वर्ग ओस पडले का? आणि शिकवणीला येणारी पोरं तर नगर, बीड, सोलापूर, पार विदर्भातूनही येतात. त्यांच्या फीचा लातूरच्या शिवाराशी संबंध काय? तात्यांनी मुख्यमंत्र्यांसाठी विचारलेला राजस्थानच्या ढगाचा प्रश्न हाच. फरक एवढा, की या वेळी तो त्यांना सुचला नाही. कारण उत्तर आधीच आवडलेलं होतं.

आता वेधशाळेकडे. १८७६-७८ चा भीषण दुष्काळ दख्खनभर पसरला तेव्हा विल्यम हंटर आणि खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांनी १८७७ मध्ये मांडलं की दक्षिण हिंदुस्थानातल्या अवर्षणाचं चक्र सूर्यावरच्या डागांच्या सुमारे अकरा वर्षांच्या चक्राशी जुळतं. विद्वान माणसं, सरकारी आकडे, आणि सूर्यासारखं भरभक्कम कारण. १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर भारतीय हवामान खात्याचे प्रमुख झाले. त्यांनी कारकुनांची फौज लावून जगभरच्या हवेचे आकडे एकमेकांशी जुळवून पाहिले आणि डागांची ही गोष्ट पावसापुरती टिकत नाही हे दाखवलं. वॉकरांची थोरवी मला त्याहून एका वेगळ्या गोष्टीत वाटते. १९१४ मध्ये त्यांनी स्वतःच्याच पद्धतीचा धोका लिहून ठेवला: शेकडो जोड्या तपासून त्यातली सर्वांत घट्ट निवडली, तर ती नुसत्या योगायोगानेही घट्टच निघणार. म्हणून किती जोड्या चाळल्या ते मोजून कसोटी तितकी कडक करा. स्वतःला आवडलेल्या उत्तराचीही तपासणी करा, असंच ते म्हणत होते. पॅसिफिक आणि हिंदी महासागरांवरच्या दाबाचा जो झोका त्यांना सापडला, तो पुढे एल निनोच्या अभ्यासाचा पाया ठरला. शेकड्यांतून उरलेला हा एक खरा निघाला.

“मग तुझ्या शास्त्रज्ञांचं २००२ ला काय झालं?” तात्यांचा हा नेम अचूक आहे. पुण्याचे डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ घटकांचं प्रारूप तयार केलं आणि १९८८ पासून देशाचा अंदाज त्यावर दिला जाऊ लागला. हिमालय आणि युरेशियातलं बर्फ, वरच्या थरातले वारे, उत्तर भारतातलं तापमान, एल निनो, आणि हो, अर्जेंटिनातला हवेचा दाबही. वर्षामागून वर्षं अंदाज बरोबर आला, नाव झालं. २००२ मध्ये अंदाज होता सरासरीच्या १०१ टक्क्यांचा. जुलै कोरडा गेला, एकूण ८१ टक्के पडला. पुढच्याच वर्षी खात्याने प्रारूप बदललं. पुतणीने इथे शास्त्रज्ञांची वकिली करू नये, आणि ती करतही नाही. ती एवढंच सांगते की १९८९ ते २००१ हे तेराही पावसाळे देशपातळीवर सर्वसाधारण होते. त्या काळात कुणी दरवर्षी डोळे मिटून ‘यंदा सर्वसाधारण’ म्हटलं असतं, तर त्याचाही अंदाज तेरा वेळा बरोबर आला असता. यशाच्या वर्षांत हा प्रश्न फारसा कुणी मोठ्याने विचारला नाही. अपयशाच्या वर्षी सगळ्यांना सुचला. तात्या आणि वेधशाळा यांच्यात एक फरक मात्र आहे, आणि तो मला निर्णायक वाटतो. अंदाज आधी, आकड्यात, लेखी दिलेला होता. म्हणून तो चुकू शकला. बेडकाला चुकण्याची सोयच ठेवलेली नाही.

“लेखी न् पढी तुमच्या नोकरदारांना जमतंय. शेतकऱ्याला जूनमध्ये चाड्यावर मूठ धरायची असती. त्यानं काय तुझा निकाल लागेस्तोवर थांबायचं?” नाही, थांबायचं नाही. पण पेरणीला वाहनाची गरज नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय पेरू नका, हा कृषी विद्यापीठांचा सल्ला शिवारात उभं राहून तपासता येतो. मृगाचे चार थेंब आणि पंचांगातला हत्ती यांच्या भरवशावर पेरलेल्याला दुबार पेरणीचं बियाणं कोण उधार देतं, हे आडत्याला कुणी सांगायला नको. घाईचा मुद्दा खरा आहे, पण घाईत चुकीचा आधार जास्त महाग पडतो.

मग वाहनाची परीक्षाच का घेऊ नये, असं पुतणी सुचवते. राज्यात आता महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत, पीकविम्याचे वाद त्यांच्याच आकड्यांवर चालतात. मृग ते हस्त ही नऊ नक्षत्रं घ्यायची. प्रत्येक नक्षत्राच्या मागच्या वर्षांतल्या पावसाचे तीन सारखे भाग करायचे: वरचा भरपूर, मधला मध्यम, खालचा ओढीचा. पंचांग बाजारात आलं की वाहनांचा अंदाज कागदावर लिहून दोघांनी सह्या करायच्या. तीन वर्षांत २७ अंदाज होतील. नुसत्या योगायोगानेच त्यातले सुमारे ९ बरोबर येतील. १५ किंवा त्याहून जास्त आले, तर तात्या म्हणतील ते खरं.

तात्या बराच वेळ बोटांवर काही मोजतात आणि मग जे विचारतात त्याने डाव उलटतो. “आणि आले १५, तर मानशील? का म्हणशील आणखी तीन वर्षं बघू? तुला बेडूक आवडत नाही, म्हणून तर एवढ्या अटी घालायलीस. सूर्याच्या डागाला एवढ्या अटी घातल्या होत्या का कुणी?” प्रश्न रास्त आहे. मुख्यमंत्र्यांवरून तात्यांच्या लक्षात आणून दिलेली खोड त्यांनी आता तिच्या पदरात टाकली आहे. तिला मान्य करावं लागतं की १५ आल्यावर तिचा पहिला विचार केंद्रातलं पर्जन्यमापक तुंबलं होतं का, हाच असेल. म्हणून पर्जन्यमापकाची तपासणी पाऊस पडण्याआधी करायची, निकाल पाहिल्यावर नाही, ही अट ती स्वतःहून स्वतःवर घालून घेते. तात्याही एक सोडतात: औशाला बेडूक फसला तर तो निलंग्यात लागू पडला, असं म्हणायचं नाही. १५ चे १४ करा, असं ते म्हणून पाहतात. ती नाही म्हणते. मंडळ कुठलं, नक्षत्राचा दिवस सकाळी साडेआठला सुरू धरायचा की सूर्योदयाला, हेही ठरतं.

सौदा अडतो तो घोड्यावर. घोडा म्हणजे डोंगराळ भागात पाऊस, आणि तात्यांच्या मते लातूर बालाघाटाच्या पठारावर आहे म्हटल्यावर तो भरपुरातच धरला पाहिजे. पुतणी म्हणते, बालाघाट धरला तर औशाची काळी रानं कुठे धरायची? घोडा आलेली नक्षत्रं मोजणीतूनच काढून टाकू. “मग माझे २७ पुरे कुठं होतात? तीन तर घोड्यातच जातील,” तात्या म्हणतात. कागदावर सह्या अजून व्हायच्या आहेत.